दुय्यम हार्ड डिस्क

संगणकातील मूळ डिस्कवर जागा पुरेनाशी झाली की त्याच यंत्रात दुसरी डिस्क जोडून कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आणि कामाच्या फाइली वेगळ्या ठेवण्याची पद्धत. एकाच डिस्कचे विभाजन करून केलेला ‘डी’ ड्राइव्ह हा निव्वळ विभाग असतो; डिस्क बिघडली की ‘सी’बरोबर तोही जातो. दुय्यम डिस्क हे स्वतंत्र यंत्र होय.

पहिल्या हार्ड डिस्कला ‘सी’ हे अक्षर मिळते, कारण ‘ए’ व ‘बी’ फ्लॉपीसाठी राखीव होते. आयबीएमच्या पीसी-एक्सटीमध्ये (१९८३) १० एमबीची डिस्क ‘सी’ म्हणूनच आली. मात्र डिस्कना अक्षरे देण्याच्या मूळ रीतीविषयी मतभेद आहेत. तिचे श्रेय सहसा गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीला (सु. १९७४) दिले जाते, परंतु आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील सीपी/सीएमएस या प्रणालीमध्ये ही रीत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातच दिसते, त्यामुळे उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. डॉस या विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीत आधी प्रत्येक डिस्कच्या प्राथमिक विभागाला अक्षर मिळे, उरलेल्या विभागांना नंतर. परिणामी दुसरी डिस्क जोडताच जुना ‘डी’ एकाएकी ‘ई’ होई आणि ‘डी’वर बसवलेले प्रोग्राम अडत. विंडोज एनटी आणि तिच्यावर आधारलेल्या पुढच्या विंडोजमध्ये दिलेले अक्षर नोंदवून ठेवले जात असल्याने हा घोळ पुष्कळ कमी झाला.

खानदेशात दुय्यम डिस्कची गरज लग्नाचे चित्रीकरण आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओंत ठळकपणे जाणवते. लग्नसराईचा जोर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, आणि त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. चालू डिस्कसाठी उत्पादक सहसा ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची कमाल मर्यादा देतात. बंद कॅबिनेटमध्ये दोन डिस्क एकमेकींना खेटून बसवल्या तर ही मर्यादा फार दूर राहत नाही. म्हणून मध्ये एक कप्पा मोकळा सोडून समोर पंखा लावावा. वीज जाण्याचा धोका असल्याने यूपीएसही हवाच.

विंडोज व संपादनाचे सॉफ्टवेअर एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) आणि चित्रीकरण मोठ्या हार्ड डिस्कवर, ही मांडणी सोयीची. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. हा मोजणीच्या पद्धतीतील फरक होय, दोष नव्हे. डिस्कवरील विभागांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या एमबीआर आराखड्यात २ टीबीपलीकडील जागा वापरता येत नाही, तेथे नवा जीपीटी आराखडा लागतो. जागा करण्यासाठी दुसऱ्या डिस्कवर हलवलेली फाइल एकाच ठिकाणी उरते, तिला बॅकअप म्हणता येत नाही. ग्राहकाला अल्बम व व्हिडिओ सुपूर्द होईपर्यंत मूळ चित्रीकरणाची दुसरी प्रत बाह्य डिस्कवर ठेवावी.