स्पेनच्या राजाच्या नावे जमिनीचा ताबा : कोण पात्र, कागद कोणते, विधी कसा

जमीन नुसती जिंकून ती राजाची होत नसे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये तलवारीइतकाच कागदही लागायचा, आणि त्यावर नोटरीची सही. हा कागद जमिनीच्या मालकांसाठी नव्हताच. उद्या दुसरा स्पॅनिश कप्तान किंवा पोर्तुगालचा राजा दावा सांगत आला, तर दरबारात दाखवायला तो हवा असे.

मूळ हक्क कुठून आला? पोप सहाव्या अलेक्झांडरने ४ मे १४९३ रोजी काढलेल्या आज्ञापत्रातून. पुढच्याच वर्षी तोर्देसियासच्या तहाने केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग हे अंतराचं जुनं माप) रेषा ओढून स्पेन-पोर्तुगालने जग वाटून घेतलं. १५१० मध्ये गोव्यात शिरलेले पोर्तुगीज याच वाटणीतले.

पात्रता

कोणीही उठून मोहीम काढू शकत नसे. आधी राजाशी करार, म्हणजे कापितुलासियोन, करावा लागे. कोलंबसचा करार १७ एप्रिल १४९२ चा, पेरू जिंकणाऱ्या पिझारोचा २६ जुलै १५२९ चा. पिझारोला पेरूच्या किनाऱ्याचे २०० लीग आणि तहहयात गव्हर्नरपद मिळालं, मात्र २५० माणसं त्याने उभी करायची होती. पगार होता ७,२५,००० मारावेदी (स्पेनचं तेव्हाचं चलन), आणि तो जिंकलेल्या मुलखाच्या उत्पन्नातूनच घ्यायचा होता. मुलूख हाती आला नाही तर पगारही नाही. पुढे पेरूत जी लूट झाली तिचं बीज मला या एका कलमात दिसतं. लुटीतला पाचवा हिस्सा, किंतो, राजाचा.

सोबत लागणारी माणसं

नोटरी, म्हणजे एस्क्रिबानो, हवाच, शिवाय साक्षीदार. १५२६ च्या आदेशानंतर दोन धर्मगुरूही सक्तीचे झाले.

प्रत्यक्ष ताबा

हा विधी समजून घ्यायला स्पॅनिश कप्तान बाल्बोआचं उदाहरण सगळ्यांत चांगलं. २९ सप्टेंबर १५१३. पनामाच्या डोंगरातून उतरून माणसं पॅसिफिकच्या काठी पोचली तेव्हा ओहोटी होती, समोर नुसता चिखल. ती बसून राहिली. भरती आली तसा बाल्बोआ एका हातात निशाण, दुसऱ्या हातात उपसलेली तलवार घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला, येरझाऱ्या घातल्या आणि समुद्र, किनारे, बेटं राजाच्या नावे घेतल्याचं पुकारलं. कोणाची हरकत आहे का, हेही विचारलं. लोकांनी पाणी चाखून ते खारट असल्याची खात्री केली, झाडांवर खंजिराने क्रूस कोरले. नोटरी आंद्रेस दे वाल्देर्राबानोने २६ जणांची नावं लिहून घेतली.

मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसने १५१९ मध्ये तिथल्या ताबास्को प्रांतात ताब्याची खूण म्हणून सेइबा नावाच्या मोठ्या झाडावर तलवारीचे तीन वार केले. पुढे वसाहतवाल्याला जमिनीचा तुकडा बहाल व्हायचा तेव्हाही याचीच छोटी आवृत्ती असे : अधिकारी त्याचा हात धरून जमिनीवर फिरवी, तो गवत उपटी, दगड भिरकावी. मग नोंद होई, ताबा ‘शांततेत, हरकतीविना’ मिळाला.

हरकत

सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्यायला हवं. १४९३ च्या पत्रात कोलंबसने लिहिलं की त्याला कोणी विरोध केला नाही. ज्यांची जमीन, त्यांना काय चाललंय हे कळतच नव्हतं, आणि त्यांचं न कळणं ही संमती धरली गेली.

१५१३ मध्ये कायदेपंडित पालासियोस रुबियोसने ‘रेकेरिमिएन्तो’ हा मजकूर तयार केला. हल्ल्याआधी तो वाचून दाखवायचा : पोपने हा मुलूख राजाला दिला आहे, मान्य करा, नाही केलंत तर युद्ध करू, तुम्हाला बायकामुलांसह गुलाम करू, आणि जी माणसं मरतील तो दोष तुमचा. शेवटी नोटरीकडे सही-दाखल्याची मागणी. १५१४ मध्ये इतिहासकार ओव्हिएदोच्या तुकडीने तो नेला तेव्हा गावातल्या झोपड्या रिकाम्या होत्या. ऐकायला माणूस नव्हता.

स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ मध्ये व्याख्यानात स्पष्ट सांगितलं की मूळ रहिवासी हेच खरे मालक आहेत आणि शोध लावला म्हणून हक्क मिळत नाही.

त्याआधी एक हरकत नोंदली गेली होती. हा मजकूर ऐकल्यावर आजच्या कोलंबियातल्या सेनू भागातल्या प्रमुखांनी दिलेलं उत्तर वकील मार्तीन फेर्नांदेस दे एन्सिसोने १५१९ च्या आपल्या ग्रंथात दिलं आहे : जे आपलं नाही ते देणारा पोप दारूच्या नशेत असावा, आणि दुसऱ्याचं मागणारा राजा वेडा असावा. त्यानंतर एन्सिसोने ते गाव बळाने घेतलं.