भुताचा पत्ता: नाशिककडच्या भयकथांमागचा इतिहास

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पार खाली जातो. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटेपर्यंत शेकोट्या पेटत्या ठेवाव्या लागतात. त्यात शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची असली, तर मोटार चालू करायला मध्यरात्री विहिरीवर जाणं आलंच. अशा वेळी दोघंतिघं शेकोटीला बसतात. भाव, व्यापारी, फवारणी सगळं बोलून होतं, ओल्या काटक्यांचा धूर डोळ्यांत जातो, आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतो, "आमच्या आज्याला एकदा त्या वड्यावर..."

मला भयकथांचं वेड लहानपणापासून आहे. कादंबऱ्या वाचल्या, सिनेमे पाहिले. पण अंगावर खरा काटा आला तो 'आमच्या आज्याला' आणि 'त्या वड्यावर' या शब्दांनी. सांगणारा ठाऊक, आजा ठाऊक, ओढा तर समोरच. गेली काही वर्षं आम्ही सात-आठ जण नाशिकमध्ये अमावास्येच्या आसपास एकत्र बसतो आणि एकमेकांना अशा गोष्टी सांगतो. या गोष्टी आपल्याकडे आल्या कुठून, हा प्रश्न तिथंच निघाला आणि मी त्याचा माग काढत बसलो.

नाशिकला सुरुवात शोधायला लांब जावं लागत नाही. या शहराच्या नावाची लोकांच्या तोंडी असलेली व्युत्पत्तीच एका राक्षसिणीच्या कापलेल्या नाकाशी जाते. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा या भागात लहानाचं मोठं झालेल्या पोराला शूर्पणखा आणि खर-दूषण पुस्तकात भेटायच्या आधी रस्त्यात भेटतात. अमुक ठिकाणी अमुक झालं, हे बोट दाखवून सांगायची सवय इथूनच लागत असावी.

दुसरा धागा गोदावरीचाच आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही. विक्रम-वेताळ आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं रचलेल्या 'कथासरित्सागरा'त ही कथा येते, तिथं राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं नगर आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. मसणातल्या झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेणारा तो राजा आपल्या नदीचा आहे! सोमदेवानं ज्या बृहत्कथेचा आधार घेतला, ती गुणाढ्यानं पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या बोलीत लिहिली आणि तो सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी परंपरा आहे. याच सातवाहनांचे शिलालेख आपल्या पांडवलेण्यांत आहेत. राजमाता गौतमी बलश्रीचा तर प्रसिद्धच आहे. गुणाढ्याची दंतकथा मला फार जवळची वाटते. राजानं ग्रंथ नाकारला, तेव्हा तो रानात एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. सात लाख श्लोकांतले सहा लाख जळाले, एक लाख वाचले. ऐकणारं कुणी नसलं तर गोष्टीचं काय होतं, ते यात आलं आहे. आणि वेताळाची अटही पाहा: राजानं तोंड उघडलं की प्रेत पुन्हा झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. ऐकणाऱ्यालाही त्यानं गोष्टीत ओढलेलं आहे.

आता भुतांकडे येतो. इंग्रजी भयपटांच्या नादात आपण सगळ्यांना 'भूत' म्हणून मोकळे होतो, पण आपल्या आज्या असं बोलत नसत. त्यांच्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव होतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो मुंजा, आणि तो पिंपळावर राहतो. पाण्यात बुडून मेलेला तो गिऱ्हा. तो रात्री पाण्याकडे ओढतो; त्याचा केस हाती लागला तर घरी गड्यासारखा राबतो, आणि केस परत मिळाला की सूड घेतो. बाळंतपणात गेलेली अलवंतीण. हडळ समोरून देखणी बाई आणि मागून नुसता सांगाडा. ब्रह्मसमंध, खवीस, झोटिंग, लावसट, जखीण. विहिरीच्या आणि नदीच्या डोहातल्या साती आसरा, म्हणजे सात जलदेवता, तर भुतांत मोडतही नाहीत. त्यांना हळदकुंकू वाहिलं जातं, खणानारळानं ओटी भरली जाते, आणि तरीही भर दुपारी त्या विहिरीवर एकटं जायचं नसतं.

ही यादी शांतपणे वाचली की एक गोष्ट दिसते आणि ती मला सुन्न करते. यातली बरीच नावं कोण कसं मेलं त्यावरून पडली आहेत. कोवळी पोरं, पाण्यात गेलेले लोक, बाळंतिणी. ज्या काळात घरटी एखादी बाई बाळंतपणात दगावायची, त्या काळातली हडळ ही कुणाची तरी सून होती, बहीण होती. गावानं तिचं मरण कुठल्या कागदावर लिहिलं नाही, पण तिला चिंचेच्या झाडावर जागा दिली. रामकुंडावर दहाव्याच्या दिवशी हेच वेगळ्या रूपात दिसतं. पिंड ठेवलेला असतो, भटजी थांबलेले असतात, आणि कावळा येऊन बाजूलाच बसतो. शिवत नाही. मग थोरला मुलगा हात जोडून म्हणतो, "आई, धाकटीचं लग्न मी करतो, काळजी करू नकोस." कावळा उडी मारून पुढं येतो तेव्हा तिथल्या कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. इच्छा राहिलेला माणूस जात नाही, ही आपल्या निम्म्या भयकथांची मूळ कल्पना, आणि ती गोदेच्या घाटावर रोज दिवसाढवळ्या पाहायला मिळते.

या गोष्टी पहिल्यांदा शिस्तीनं कागदावर कशा आल्या, ते शोधताना मला एक नाव अनपेक्षितपणे भेटलं. ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला तो आला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या; कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. हा इतिहास नाशिककराला वेगळा सांगायला नको. पण हाच जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि लोकसमजुतींच्या नोंदी गोळा करत होता, हे मला ठाऊक नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवायची आणि त्यांनी गावात विचारून उत्तरं लिहायची, अशी पद्धत होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्या सामग्रीतून गुजरातचा खंड १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली काढला. पुढं १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ आला. कोकणच्या खंडात वेताळ, मुंजा, गिऱ्हा, हडळ सगळी मंडळी हजर आहेत.

माहिती गोळा करणारं सरकार परकं होतं, आणि त्या नजरेचे दोष त्या पानांवर आहेतच. तरी एका गोष्टीसाठी मी त्या मास्तरांचा ऋणी आहे. त्या खंडांत समजुतीखाली टीप असते: अमुक गावच्या शाळेचा मास्तर. म्हणजे भुताला पत्ता आहे. हा गिऱ्हा कुठल्या खाडीतला, ते शोधता येतं. वाईट एवढंच वाटतं, की जॅक्सन नाशिकला असूनही त्या दोन खंडांचे प्रदेश गुजरात आणि कोकण आहेत. पेठ, सुरगाणा, बागलाण, येवला इथल्या मास्तरांना तेव्हा गावकऱ्यांनी काय सांगितलं असतं, या विचारानं मला अजून हळहळ वाटते.

कारण आपल्या जिल्ह्याचा पश्चिम डोंगरपट्टा या बाबतीत फार श्रीमंत आहे. तिथं वाघदेव आहे, मार्गशीर्षात डोंगऱ्या देवासाठी जागवलेल्या रात्री आहेत, देवादानवांचे मुखवटे घालून मशालीच्या उजेडात नाचणारा बोहाडा आहे. आणि चकवा आहे. पायाखालच्या वाटेवर माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. जुने लोक सांगतात, जागीच बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत ती सरळ चालली. आभाळ झाकलं की नकळत गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो असं त्यांना वाटत राहिलं. हे वाचल्यावर चकव्याची भीती कमी होईल असं वाटलं होतं. उलट ती वाढली. आणि 'जागीच बस' हा सल्ला किती नेमका होता, तेही कळलं.

कसारा घाटाची गोष्ट वेगळी. याच घाटातून, म्हणजे थळ घाटातून, रेल्वे १८६५ साली वर आली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, आजही बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिन लावावं लागतं. रस्त्यालाही तशीच वळणं, पावसाळ्यात धुकं, अपघात. तिथं पांढऱ्या साडीतली बाई दिसते, ही गोष्ट मी निदान दहा जणांकडून ऐकली. पण अगदी हीच बाई दुसऱ्या घाटांतही उभी असते, हात करून गाडी थांबवते आणि मागच्या सीटवरून नाहीशी होते. मी तिला खरी नाशिकची मानत नाही. ती ट्रकबरोबर आली आणि ट्रकबरोबर पुढं गेली.

छापील भयकथेबद्दल थोडक्यात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० सालचं. तिथं आणि गल्लोगल्लीच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत माझ्या आधीच्या पिढीनं नारायण धारप (१९२५–२००८) अक्षरशः फाटेपर्यंत वाचले. धारपांनी मराठी भयकथेला वाड्याचं माजघर, बंद खोली आणि शहाणा सोडवणारा माणूस दिला. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) गूढकथेत भूत जवळजवळ दिसूच दिलं नाही आणि भीती माणसाच्या मनात नेऊन ठेवली. 'नवल' आणि 'धनंजय' हे दिवाळी अंक कुणाच्या हाती आधी पडतात यावरून घराघरांत भांडणं व्हायची.

पडद्याचा उल्लेख मात्र नाशिकला टाळता येणार नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाआधी जादूचे प्रयोग करायचे, आपलं आडनाव उलटं करून, 'प्रोफेसर केळफा' या नावानं. पुढं त्यांनी नाशिकमध्ये सिनेमे काढले, तेव्हा माणूस नाहीसा करणं, हवेत उडवणं ही जादू कॅमेऱ्यात आली. अंधारात अनोळखी माणसांबरोबर बसून एकदम दचकायची सवय या देशाला ज्यांनी लावली, त्यांत पहिला हा आपल्या जिल्ह्यातला माणूस.

एक कडू भाग आहे, तो वगळून ही पार्श्वभूमी लिहिता येत नाही. डोंगरपट्ट्यात 'भुताळी' हा शब्द गोष्टीपुरता राहिला नाही. पोर आजारी पडलं, गाय मेली, की गावातल्या एकट्या बाईकडे बोट दाखवलं गेलं. मारहाण झाली, जीव गेले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. आमच्या बैठकीत त्यामुळे एक नियम आहे आणि तो मोडला तर बैठक तिथंच थांबते: जिवंत माणसावर बोट ठेवणारी गोष्ट सांगायची नाही. हडळ चालेल. शेजारची म्हातारी चालणार नाही.

हल्ली गोष्टी मोबाइलवर आवाजाच्या रूपात येतात. मागं रातकिडे, दार करकरतं, निवेदकाचा आवाज घोगरा. मीही ऐकतो, काही फार चांगल्या असतात. पण 'एका गावात', 'एका मित्राबरोबर' एवढाच त्यांचा पत्ता असतो, आणि महिन्याभरात तीच गोष्ट दुसऱ्या गावाच्या नावानं परत येते. म्हणून आम्ही एक वही केली आहे. गोष्ट सांगणारा कुठला, त्यानं कुणाकडून ऐकली, जागा कुठली, ती आज तशीच आहे का, हे आधी लिहायचं आणि मग गोष्ट. त्या शाळामास्तरांकडून घेतलेली ही रीत.

मागच्या अमावास्येची नोंद अशी आहे: निफाड तालुका, नदीकाठची बाग. सांगणारा बागेचा मालक, वय साठीच्या पुढं. त्यानं वडिलांकडून ऐकलेली. विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी जागेवर, मध्यरात्री सात जणींनी धुणं धुतल्याचा आवाज यायचा, आणि सकाळी दगड ओले असायचे. विहीर आता बुजवली आहे, वर पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. दगड तिथंच आहेत. थंडीत मोटार बंद असली तरी त्यातला एक ओला असतो, असं तो म्हणाला, आणि शेकोटीत काटकी सरकवून गप्प बसला.