कॉल आधी, वकिली नंतर : इंग्लंडमधील बॅरिस्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याला आज तीन टप्पे पार करावे लागतात. पहिला टप्पा कायद्याच्या पदवीचा. ज्याची पदवी दुसऱ्या विषयातली असेल, त्याला कायद्याच्या मूलभूत विषयांचा एक जोड-अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दुसरा टप्पा साधारण वर्षभराच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचा, म्हणजे ज्याला तिथे ‘बार कोर्स’ म्हणतात त्याचा. तिसरा टप्पा ‘प्युपिलेज’चा, त्यात अनुभवी बॅरिस्टरच्या देखरेखीखाली बारा महिने उमेदवारी करायची असते. मात्र बॅरिस्टर ही उपाधी तिसऱ्या टप्प्याची वाट पाहत नाही. दुसरा टप्पा संपला की विद्यार्थी ज्या ‘इन’चा, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या व्यावसायिक संस्थेचा, सदस्य असेल ती संस्था त्याला समारंभपूर्वक ‘कॉल’ करते आणि तो बॅरिस्टर होतो. न्यायालयात उभे राहून वकिली करण्याचा अधिकार मात्र त्याला उमेदवारीचे पहिले सहा महिने संपल्यावर, आणि पूर्णपणे ती पुरी झाल्यावरच मिळतो. उपाधी आणि अधिकार यांच्यातले हे अंतर कसे पडले आणि ते कोणाच्या सोयीचे ठरले, हे पाहिल्याशिवाय या प्रशिक्षणाचा इतिहास नीट उलगडत नाही.

लंडनमधील लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांची मुळे मध्ययुगात आहेत. लिंकन्स इनचे सलग दफ्तर 1422 पासून उपलब्ध आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांत त्या काळी रोमन कायदा आणि चर्चचा कायदा शिकवला जाई. राजाच्या न्यायालयांत प्रत्यक्ष चालणारा ‘कॉमन लॉ’ शिकायचा तर या इन्समध्येच राहावे लागे. शिक्षणाची पद्धत दुहेरी होती. न्यायालयाच्या सुट्टीच्या काळात संस्थेतील एखादा ज्येष्ठ सदस्य ‘रीडर’ म्हणून एखाद्या अधिनियमावर व्याख्याने देई आणि त्यातील एकेका मुद्द्यावर उपस्थितांशी वाद घाली. शिवाय काल्पनिक खटल्यांवर ‘मूट’ होत आणि त्यांत विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू मांडाव्या लागत. एडवर्ड कोक यांच्यासारखा कायदेपंडित 1592 मध्ये इनर टेंपलचा रीडर होता, यावरून या व्याख्यानांचा दर्जा लक्षात यावा. ही व्यवस्था 1642 मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर कोलमडली आणि राजेशाही परत आल्यानंतरही सावरली नाही. छापील पुस्तके मिळू लागली होती, ज्येष्ठांना व्याख्यानांपेक्षा पक्षकारांत रस होता आणि रीडरने द्यायच्या मेजवान्यांचा खर्च अफाट असे, त्यामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीस व्याख्याने जवळपास बंद पडली.

मागे उरली ती जेवणे. ठरलेल्या सत्रांत इनच्या भोजनगृहात हजर राहून ठरावीक वेळा जेवणे, याला ‘टर्म पाळणे’ म्हणत. एकत्र राहून शिकण्याच्या जुन्या व्यवस्थेचा तो अवशेष होता, पण दीड शतकाहून अधिक काळ तीच बॅरिस्टर होण्याची मुख्य अट राहिली. ज्याला खरोखर वकिली करायची असे तो एखाद्या कामात असलेल्या बॅरिस्टरला फी देऊन त्याच्या चेंबर्समध्ये, म्हणजे कार्यालयात, बसे, त्याचे कागद वाचे, मसुदे उतरवून काढे. ही फी पुढे वर्षाला शंभर गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) अशी रूढ झाली. म्हणजे खरे प्रशिक्षण खासगी, ऐच्छिक आणि पैसेवाल्यांपुरते होते, आणि उपाधी देणाऱ्या संस्थेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आजच्या दुफळीचे मूळ येथे आहे.

ब्रिटिश संसदेच्या एका समितीने 1846 मध्ये कायदेशिक्षणाची पाहणी केली तेव्हा देशात नाव घेण्याजोगे सार्वजनिक कायदेशिक्षणच नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर चारही इन्सनी मिळून 1852 मध्ये ‘कौन्सिल ऑफ लीगल एज्युकेशन’ स्थापन केले आणि विषयवार व्याख्याते नेमले. परीक्षा मात्र लगेच सक्तीची झाली नाही. व्याख्यानांना हजेरी लावूनही काम भागे. सर्वांसाठी सक्तीची परीक्षा आली ती 1872 मध्ये. याच सुमारास इन्सऐवजी कायद्याचे एक स्वतंत्र विद्यापीठ उभारावे अशी चळवळ बॅरिस्टर आणि राजकारणी राउंडेल पामर यांनी चालवली होती, पण इन्सनी आपला अधिकार सोडला नाही. परीक्षा स्वीकारून त्यांनी विद्यापीठ टाळले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हिंदुस्थानातून विलायतेला जाणारे बहुतेक विद्यार्थी नेमके या काळात तिथे पोहोचले. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या ‘ओरिजिनल साइड’वर, म्हणजे शहरातील मोठे दिवाणी दावे जिथे थेट दाखल होत त्या शाखेत, बॅरिस्टरांचे वर्चस्व होते, देशी वकिलांचे क्षेत्र मुख्यतः अपिलांपुरते राहिले होते. बॅरिस्टर होण्यासाठी पदवीही लागत नसे. मोहनदास गांधी 1888 मध्ये इनर टेंपलमध्ये दाखल झाले तेव्हा त्यांच्यापाशी केवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते. साधारण तीन वर्षांत बारा टर्म पाळायच्या, प्रत्येक टर्ममधील सुमारे चोवीस जेवणांपैकी किमान सहांना हजर राहायचे, आणि रोमन कायदा व कॉमन लॉ या दोन परीक्षा द्यायच्या, असे त्या वेळच्या अभ्यासक्रमाचे वर्णन त्यांनी आत्मचरित्रात केले आहे. रोमन कायद्यात शेकडा 95 ते 99 आणि अंतिम परीक्षेत 75 वा त्याहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होत, असेही ते नोंदवतात. चार जणांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधी पीत नसल्यामुळे आपल्या टेबलावर त्यांनी बसावे म्हणून इतरांची धडपड चाले, हा तपशील गमतीचा असला तरी त्यातून त्या भोजनांचे शैक्षणिक मूल्य कळून येते. त्यांना 10 जून 1891 रोजी कॉल मिळाला, दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयात नावनोंदणी झाली आणि तिसऱ्या दिवशी ते मायदेशी निघाले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच प्रकरणात उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. दोष त्यांच्या लाजाळूपणाला दिला जातो आणि तो काही अंशी खराही आहे, परंतु उलटतपासणी कशी घ्यावी किंवा दाव्याचा मसुदा कसा करावा, हे त्यांच्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1916 मध्ये ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना 1917 मध्ये परतावे लागले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठून 1922 मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच ग्रेज इनने विनायक दामोदर सावरकर परीक्षा उत्तीर्ण झालेले असतानाही 1909 मध्ये त्यांना राजकीय कारणांवरून कॉल नाकारला होता. परीक्षा कौन्सिलची असली तरी दाराची किल्ली इनच्या ‘बेंचर्स’कडेच, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांकडेच आहे, हे त्यावरून उघड झाले. स्त्रियांना तर त्यांच्यावरील व्यावसायिक बंदी उठवणारा 1919 चा कायदा होईपर्यंत इन्समध्ये प्रवेशच नव्हता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा 1892 मध्येच दिली होती, परंतु लिंकन्स इनचा कॉल मिळण्यासाठी त्यांना 1923 पर्यंत थांबावे लागले; त्याच वर्षी त्याच इनमधून बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ‘बॅरिस्टर’ हे बिरूद नावामागे आयुष्यभर वागवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी इंग्लंडमध्ये एकही खटला चालवला नव्हता आणि चालवण्याचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांच्या दृष्टीने कॉल हाच प्रवासाचा शेवट होता. विद्यार्थ्यांचा हा मोठा वर्ग परतीचे तिकीट घेऊनच येत असल्यामुळे इन्सना शुल्क मिळत राहिले आणि उमेदवारीची जबाबदारी मात्र त्यांच्यावर पडली नाही.

भारतात ही वाट कायद्यानेच बंद झाली. अधिवक्ता अधिनियम, 1961 ने वकिलांचे निरनिराळे वर्ग मोडून एकच वर्ग केला, आणि 31 डिसेंबर 1976 पर्यंत कॉल मिळालेल्या बॅरिस्टरांनाच त्या आधारावर सनद मिळण्याची तरतूद ठेवली. याच अधिनियमात आरंभी नव्या वकिलांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट होती, ती 1973 च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये नियम करून वर्षभराची उमेदवारी पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला, पण कौन्सिलला तसा अधिकारच नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो रद्द ठरवला. इंग्लंडची उपाधी आपण सोडली, पण तिच्यापुढची उमेदवारी आपल्याकडे सक्तीने कधी रुजलीच नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

इंग्लंडमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर बदलाला वेग आला. तिथे वकिली करू इच्छिणाऱ्यांना 1950 च्या दशकाच्या अखेरीस बारा महिन्यांची उमेदवारी बंधनकारक झाली आणि पुढच्या दशकात तिच्या पहिल्या सहा महिन्यांत स्वतंत्र काम घेण्यास मनाई करण्यात आली. ‘फर्स्ट सिक्स’ आणि ‘सेकंड सिक्स’ ही आजही प्रचलित असलेली विभागणी तेव्हापासूनची. न्यायमूर्ती ऑर्मरॉड यांच्या समितीने 1971 च्या अहवालात कायदेशिक्षणाचे शैक्षणिक, व्यावसायिक आणि निरंतर असे टप्पे मांडले, आणि त्याच दशकात हा व्यवसाय जवळजवळ पूर्णपणे पदवीधरांचा झाला. बॅरिस्टरांचे प्रशिक्षण ‘पदव्युत्तर’ झाले ते खऱ्या अर्थाने येथून; त्याआधीची पाच शतके पदवी हा शोभेचा भाग होता. प्युपिलने, म्हणजे उमेदवाराने, गुरूला फी देण्याची प्रथाही याच दशकात संपली.

अभ्यासक्रमाचा आशय बदलण्यास आणखी वेळ लागला. कौन्सिल ऑफ लीगल एज्युकेशनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट स्कूल ऑफ लॉ’ने 1989 मध्ये ‘बार व्होकेशनल कोर्स’ सुरू केला, तेव्हा पाठांतराच्या जागी युक्तिवाद, मसुदालेखन, लेखी कायदेशीर मत, पक्षकाराशी चर्चा आणि वाटाघाटी यांचा सराव आला. विद्यार्थ्याला उभे करायचे, त्याचे बोलणे चित्रित करायचे आणि ते त्यालाच दाखवून चुका काढायच्या, ही पद्धत आज सर्वमान्य असली तरी तेव्हा नवी होती. याच अभ्यासक्रमात अल्पसंख्याक वंशांतील विद्यार्थ्यांचे अनुत्तीर्ण होण्याचे प्रमाण लक्षणीय असल्याच्या तक्रारींवरून जोसलिन बॅरो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि तिचा अहवाल 1994 मध्ये आला. त्या एकाच शाळेची मक्तेदारी 1997 मध्ये संपली. ब्रिस्टल, कार्डिफ, मँचेस्टर, नॉटिंगहॅम, न्यूकॅसल येथील विद्यापीठांत आणि खासगी संस्थांतही अभ्यासक्रम सुरू झाला. मूळ शाळा 2001 मध्ये लंडनच्या सिटी विद्यापीठात विलीन झाली.

मक्तेदारी गेली आणि बाजार आला. जागा वाढल्या, शुल्क वाढले, पण चेंबर्समधील उमेदवारीच्या जागा वाढल्या नाहीत. डेरेक वुड यांच्या 2008 च्या अहवालानंतर 2010 पासून अभ्यासक्रमाचे नाव ‘बार प्रोफेशनल ट्रेनिंग कोर्स’ झाले, दिवाणी व फौजदारी प्रक्रियेच्या परीक्षा केंद्रीय झाल्या, 2013 पासून प्रवेशापूर्वीची चाचणीही आली. लंडनमधील शुल्क मात्र त्या दशकात 18,000 पौंडांच्या वर गेले, आणि दरवर्षी शिकून बाहेर पडणारे हजाराहून अधिक विद्यार्थी पाचशेच्या आसपास जागांसाठी धडपडत राहिले. उत्तीर्ण विद्यार्थ्याला पाच वर्षांत उमेदवारी मिळाली नाही तर त्याची पात्रता शिळी होते, हा नियम या आकड्यांसमोर ठेवला की जोखीम कोणाच्या अंगावर टाकली आहे ते दिसते.

उमेदवारीच्या मोबदल्याचा प्रश्न न्यायालयातही गेला. एका प्युपिलच्या दाव्यात अपील न्यायालयाने 2000 मध्ये असे ठरवले की चेंबर्स आणि प्युपिल यांच्यात करार असतो, पण किमान वेतन कायद्याचा लाभ प्युपिलला मिळत नाही. न्यायालयाने जे दिले नाही ते व्यवसायाने स्वतः दिले: 1 जानेवारी 2003 पासून प्रत्येक प्युपिलला वर्षाला किमान 10,000 पौंड देणे बंधनकारक झाले, आणि 2019 पासून ही रक्कम तेथील निर्वाह-वेतनाच्या दराशी जोडण्यात आली. शंभर गिनी भरून शिकण्यापासून पगार घेऊन शिकण्यापर्यंतचे हे अंतर कापायला निम्मे शतकही लागले नाही. मात्र पैसे द्यावे लागतात म्हटल्यावर काही चेंबर्सनी जागाच कमी केल्या.

नियामक ‘बार स्टँडर्ड्स बोर्ड’ने 2020 पासून एकच साचा सोडून अनेक मार्ग खुले केले. व्यावसायिक टप्पा आता पदवीबरोबर एकत्र करता येतो किंवा दोन भागांत विभागता येतो. इन्सच्या स्वतःच्या ‘इन्स ऑफ कोर्ट कॉलेज ऑफ ॲडव्होकसी’ने याच वर्षी असा दोन भागांचा अभ्यासक्रम सुरू केला: प्रक्रिया-कायद्याचा पहिला भाग घरी बसून ऑनलाइन, आणि ती परीक्षा पार केल्यावरच प्रत्यक्ष वर्गातला सराव. म्हणजे पहिल्या परीक्षेत अडलेल्या विद्यार्थ्याचे निदान दुसऱ्या भागाचे शुल्क वाचते. व्यावसायिक शिक्षणावरील थेट ताबा गेल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी इन्स या मार्गाने पुन्हा वर्गात परतल्या. जेवणांची अटही टिकून आहे, फक्त आता त्यांना ‘क्वालिफाइंग सेशन’ म्हणतात आणि व्याख्याने, मूट, निवासी शिबिरे यांतूनही ती पुरी करता येते.

कॉल उमेदवारीनंतरच द्यावा, असा प्रस्ताव या शतकात एकाहून अधिक वेळा चर्चेला आला आणि प्रत्येक वेळी मागे पडला. व्यावसायिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचा मोठा हिस्सा आजही परदेशी आहे. मलेशिया, पाकिस्तान, बांगलादेश येथील विद्यार्थी त्यांत ठळकपणे दिसतात. मलेशियाच्या 1976 च्या कायद्यानुसार इंग्लंडचा बॅरिस्टर तिथे वकिलीसाठी पात्र मानला जातो. अशा विद्यार्थ्याला लंडनमधली उमेदवारी नको असते आणि ती मिळणे अवघडही असते. त्याला कॉलचे प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे असते, आणि त्याच्या शुल्कावर अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचा ताळेबंद बऱ्याच अंशी उभा असतो.