एका मीटरची अडचण

घराचा नकाशा मंजूर करून घेण्यासाठी ज्यांनी नगरपालिकेत खेटे घातले आहेत, त्यांना ‘सामासिक अंतर’ हा शब्द चांगलाच परिचयाचा असतो. भूखंडाच्या हद्दीपासून बांधकाम किती आत असावे, हे त्याने ठरते. आग पसरू नये, उजेड-वारा मिळावा आणि शेजाऱ्यांत तंटे होऊ नयेत, एवढाच त्यामागचा साधा हेतू असतो. इंग्लंडमध्ये मात्र याच जातीच्या एका नियमातले एक मीटर अंतर साडेतेरा वर्षे घरे गॅसऐवजी विजेवर उबदार ठेवण्याच्या आड येत होते.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे गॅसच्या बॉयलरवर ऊब घेतात. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे बंधन तेथे २०१९ मध्ये कायद्यात आले आणि २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख हीट पंप बसवण्याचे लक्ष्य ठरले. २०२४ मध्ये विक्री जेमतेम १ लाखाच्या आसपास होती. हीट पंप म्हणजे उलट्या दिशेने चालणारा एसी. घराबाहेरच्या यंत्रातले शीतक द्रव्य थंड हवेतूनही उष्णता शोषून वायुरूप होते, कॉम्प्रेसर त्याचा दाब व तापमान वाढवतो, आणि घरात खेळवलेल्या पाण्याला उष्णता देऊन ते पुन्हा द्रवरूप होते. विजेला उष्णता केवळ उपसून आणायची असल्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पदरात पडते. गॅस जाळून एका युनिटला एक युनिटही पुरते मिळत नाही.

हे बाहेरचे यंत्र ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न. डिसेंबर २०११ पासून इंग्लंडमध्ये ते स्वतंत्र परवानगीशिवाय बसवता येऊ लागले, पण ते हद्दीपासून किमान एक मीटर आत आणि आकारमानाने ०.६ घनमीटरच्या आत असण्याच्या अटीवर. भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या रांगांत परस अनेकदा साडेचार-पाच मीटरच रुंद असतो. साडेचार मीटरमधून दोन्ही बाजूंचा एकेक मीटर वगळला, तर मधली अडीच मीटर जागा उरते, आणि तिथेच स्वयंपाकघराचे दार उघडते. आकाराची मर्यादाही तितकीच अडचणीची होती. १.३ मीटर रुंद, १ मीटर उंच आणि ०.४५ मीटर खोल यंत्रानेच ०.५८५ घनमीटर भरतात. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो, म्हणून मोठे यंत्र बहुधा कमी आवाज करते. शेजाऱ्याच्या सोयीसाठी घातलेली मर्यादा अशा रीतीने गोंगाटाच्याच बाजूला झुकली होती.

नियमांत न बसणाऱ्याला रीतसर अर्ज करण्याची मुभा होती, परंतु त्यावर निर्णयाची मुदत ८ आठवड्यांची. बॉयलर बंद पडतो तो ऐन थंडीत. घरात लहान मूल कुडकुडत असताना एवढे थांबणार कोण? साहजिकच नवा गॅस बॉयलर बसतो आणि त्या घराचे उत्सर्जन पुढच्या १५ वर्षांसाठी पक्के होते.

अमेरिकेत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. जमीन-वापराचे विभाग पाडण्याच्या नगरपालिकांच्या अधिकारावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात शिक्कामोर्तब केले. कॅलिफोर्नियातील बर्कलीने २०१९ मध्ये एक पाऊल पुढे टाकून नव्या इमारतींत गॅसच्या जोडण्यांवरच बंदी घातली. १९७५ च्या संघीय ऊर्जा कायद्याशी ती विसंगत असल्याचा निकाल अपील न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क शहराने आपल्या विभाग-नियमांत दुरुस्ती करून छतांवर आणि अंगणांत हीट पंप व सौरपट्ट्यांसाठी जागा मोकळी केली. बंदीची बातमी जगभर गाजली, दुरुस्तीची दखल फारशी कुणी घेतली नाही. माझ्या मते अधिक टिकाऊ काम दुसरीचे आहे.

मे २०२५ अखेर इंग्लंडने एक मीटरची अट काढून टाकली आणि आकारमानाची मर्यादा दीड घनमीटरवर नेली. शेजाऱ्यापर्यंत पोचणारा आवाज ठराविक मर्यादेत असावा ही कसोटी मात्र कायम ठेवली, आणि ते योग्यच झाले, कारण शेजाऱ्याला त्रास होतो तो आवाजाचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण तेच यंत्र भिंतीला लागून ठेवले तर परावर्तनामुळे साधारण ३ डेसिबल वाढतात आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवले तर आणखी ३. हद्दीपासून नेमका एक मीटर आत, पण कोपऱ्यात बसवलेले यंत्र म्हणूनच हद्दीलगत विचारपूर्वक बसवलेल्या यंत्रापेक्षा शेजाऱ्याची झोप अधिक मोडू शकते.