आदोळीचं पेटंट की आदोळीचं डिझाइन?

फोंड्यात लेथचं दुकान चालवणारा माझा एक मित्र पावसाळ्यात नवी आदोळी, म्हणजे नारळ खवायचं साधन, घेऊन घरी आला. गुडघ्यांमुळे आईला खाली बसून नारळ खवता येईना, म्हणून बनवलेली. टेबलाच्या कडेला क्लॅम्प आणि फिरवायची मूठ. एवढं काही नवं नव्हे, तसली यंत्रं बाजारात मिळतात. त्याची करामत आत आहे. दाते करवंटीजवळ पोचले की स्प्रिंगचा एक अडसर त्यांना मागे सारतो. काळी पाठ खवली जात नाही, हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, रंग बिघडत नाही. शिवाय मूठ त्यानं हौसेनं काजूबीसारखी वळवली आहे. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "पेटंट काढ रे!" आणि बोट दाखवतो मुठीकडे.

घोळ इथेच होतो. अडसरासाठी पेटंट, मुठीसाठी डिझाइनची नोंदणी. कायदे दोन आहेत, १९७० चा पेटंट कायदा आणि २००० चा डिझाइन कायदा. पेटंट विचारतं, वस्तू काम कसं करते? डिझाइनला फक्त ती डोळ्यांना कशी दिसते याच्याशी मतलब. नुसत्या यांत्रिक रचनेला डिझाइन म्हणायचं नाही, हे तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. म्हणून मित्रानं केवळ मूठ नोंदवली, तर उद्या कुणीही साधी गोल मूठ लावून तोच अडसर विकेल आणि याला हात चोळत बसावं लागेल. उलट अडसराचं पेटंट मिळालं, तर मूठ काजूची असो की आंब्याची, तो अडसर परवानगीशिवाय वापरता येणार नाही. अर्थात भारतापुरताच.

मग सगळ्यांनी पेटंटच का काढू नये? कारण ते सहज मिळत नाही. नवेपणा तर हवाच, पण त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं असं काहीतरी हवं. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा एक खटला माझ्या मित्रानं तोंडपाठ करावा असा आहे. लेथवर भांडं घट्ट धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट होतं, अर्ज १९५१ चा. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ते टिकू दिलं नाही. कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा त्याचा मथितार्थ. जर्मनीत अशा लहान सुधारणांसाठी छोटं, कमी मुदतीचं पेटंट असतं. आपल्याकडे ती सोय नाही आणि माझ्या मते ही उणीव आपल्या लेथवाल्यांनाच सर्वांत जास्त नडते.

आजीच्या बटव्यातलं ज्ञानही चालत नाही. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

मुदत आणि खर्चातही फरक आहे. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण ते जिवंत ठेवायला ठरावीक काळानंतर दर वर्षी शुल्क भरत राहायचं. डिझाइन १० वर्षं, मग आणखी ५. एकट्या माणसाला ऑनलाइन पेटंट अर्ज १,६०० रुपयांत करता येतो, तपासणीच्या विनंतीचे ४,००० वेगळे. ती विनंती ३१ महिन्यांच्या आत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. डिझाइनचा अर्ज १,००० रुपयांत. मोठा खर्च मसुदा लिहून देणाऱ्या एजंटचा, आणि तिथे कंजुषी करू नये. अडसर शब्दांत नीट मांडला नाही, तर शेजारचा स्प्रिंगऐवजी रबर लावून मोकळा होतो. गोव्याचे पेटंट अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, डिझाइनचं काम कोलकात्याला चालतं.

आणि हो, केवळ डिझाइन नोंदवून डब्यावर "पेटंटेड" छापणं दंडनीय आहे. हे फार जणांना ठाऊक नसतं.

एका बाबतीत मात्र दोन्ही सारखेच कडक. अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की नवेपणा गेला. मित्राचा बेत म्हार्दोळच्या जत्रेत, फेरीत मांडून आधी गिऱ्हाइकांचा अंदाज घ्यायचा होता. मी म्हटलं, तात्पुरता अर्ज आधी टाक, पूर्ण मसुद्याला १२ महिने मिळतात. मुठीचा अर्ज वेगळा, पण तोही जत्रेआधी.

"मग आत्ता स्टेटसला तरी टाकू?" त्यानं मोबाइल काढला.

मी मोबाइल हातातून घेतला. आदोळी सध्या त्याच्या आईच्याच स्वयंपाकघरात आहे.