स्माइट : चिखलातून आलेला घाव

1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये देव इजिप्तच्या प्रथम जन्मलेल्या मुलांवर प्रहार करतो, गारपीट शेतं झोडपते. दोन्ही ठिकाणी इंग्रजी क्रियापद एकच : 'स्माइट', म्हणजे जोरात मारणे. आज बोलताना ते कुणी वापरत नाही. मात्र त्याचंच 'स्मिटन' हे रूप प्रेमात घायाळ झालेल्यांसाठी अजून सर्रास चालतं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हाच शब्द 'स्मीटन' असा होता आणि त्याचा अर्थ होता माखणे, फासणे, डागाळणे. मारण्याचा त्यात मागमूस नव्हता. तो अर्थ बाराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो.

मग फासणारा हात मारू कसा लागला? याचा माग भावंडभाषांमध्ये सापडतो. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी बायबल गॉथिक या इंग्रजीच्या, आता लुप्त झालेल्या भावंडभाषेत आणलं. त्यात येशू आंधळ्याच्या डोळ्यांना चिखलाचा लेप लावतो, तिथे याच कुळातलं क्रियापद आहे. जर्मनमधलं 'श्माइसन' आणि डचमधलं 'स्मेइटन' यांचा अर्थ मात्र फेकणे. फासणे, फेकणे, मारणे या तिघांना जोडणारा एक दुवा अभ्यासकांनी सुचवला आहे : कुडाच्या भिंतीवर चिखलाचे गोळे जोरात मारून ती लिंपणे. हा तर्कच आहे, पण मला तो पटतो. गोवऱ्या थापणाऱ्या हाताकडे पाहा. ओला गोळा भिंतीवर बसवायचा तर फटका द्यावाच लागतो, आणि आपल्याकडेही 'थापणे' व 'थापड' एकमेकांना चिकटूनच आहेत.

तर्काला बळ देणारं आणखी एक उदाहरण इंग्रजीतच आहे, आणि मला तेच सगळ्यात विलक्षण वाटतं. आज मारण्यासाठी रूढ असलेलं 'स्ट्राइक' हे क्रियापदही मुळात हलकेच हात फिरवण्याचं होतं! त्याचं जर्मन भावंड 'श्ट्रायखन' आजही हात फिरवणे, रंग लावणे याच अर्थांनी वापरतात. उलट मारण्याचा जुना, हक्काचा शब्द होता 'स्लेआन'. तो आक्रसत 'स्ले', म्हणजे ठार करणे, एवढ्यावर आला. रिकाम्या झालेल्या जागेत हळुवार हातांचे शब्द शिरले, असं म्हणायला हरकत नाही.

उच्चार नंतर बदलला. साधारण पंधराव्या शतकापासून इंग्रजीतला दीर्घ 'ई' सरकत 'आइ' झाला आणि 'स्मीट'चं 'स्माइट' झालं. घण घालणाऱ्या लोहाराला इंग्रजीत 'स्मिथ' म्हणतात, म्हणून तो शब्द यातूनच आला असं पूर्वी मानलं जाई. तसं नाही. 'स्मिथ'चं मूळ वेगळं आहे आणि त्याचा जुना अर्थ कारागीर असा होता.