सत्यमला सरकारने पैसे देऊन वाचवलं नव्हतं

"सत्यम ही आयटी कंपनी बुडत होती तेव्हा सरकारने आपल्या टॅक्सच्या पैशातून वाचवली" असं लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात, पण ते खरं नाहीये. 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्रात कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची कॅश अस्तित्वातच नाही, आणि शेअर त्याच दिवशी पाव भागाच्याही खाली आला. सरकारने काय केलं तर जुनं बोर्ड बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक, टी. एन. मनोहरन अशी उद्योग आणि हिशेबातली जाणती माणसं बसवली, बस्स. तिजोरीतून मदत नाही. पगार भागवले ते ग्राहकांकडची थकलेली बिलं वसूल करून आणि बँकांचं कर्ज काढून, आणि पगार झाले म्हणून इंजिनिअर टिकले, इंजिनिअर टिकले म्हणून कामं चालू राहिली, ग्राहकाला शेवटी तेवढंच हवं असतं ना. मला तर हे श्रेय त्या इंजिनिअर लोकांचं वाटतं, ज्यांचं नाव कोणी घेत नाही. मग एप्रिलमध्ये कंपनी विकायला बंद लिफाफ्यात बोली मागवल्या, एल अँड टीची बोली शेअरमागे 45.90 रुपये, आपल्या पुण्याच्या टेक महिंद्राची 58, आणि खरा पैसा आला तो तिथून.